परवानगी फोटोची होती, चेहऱ्याची नव्हे
टेबलावर दोन टी-शर्ट पसरले होते. एक बँडचा अधिकृत, दुसरा एका कपडे कंपनीने परस्पर छापलेला. दोन्हींवर माझ्या अशिलाचा चेहरा. ती बँडमध्ये व्हायोलिन वाजवते. पोस्टरवर तिचं नाव बारीक अक्षरांत येतं. कंपनीने फोटो दोनच रंगांत उतरवला होता, अर्धा चेहरा सावलीत गेला होता. तरी करंगळीवरची चिकटपट्टी आणि गजाचे तुटून लोंबणारे केस स्वच्छ दिसत होते. "मॅडम, ही मीच. त्या कार्यक्रमातच तुटले होते ते," ती म्हणाली.

समोरच्या वकिलांनी छायाचित्रकाराशी झालेला करार पुढे सरकवला. सही, पैसे, तारीख, सगळं चोख. "कॉपीराइट त्यांचा, परवाना आम्ही रीतसर घेतलाय. मग तक्रार कसली?"

हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकलाय आणि दर वेळी चीड येते. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, हे खरं. पण फोटोतल्या माणसाच्या जिवावर माल खपवायची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. गायिका रिहानाने स्वतःचा फोटो छापलेल्या टी-शर्टवरून टॉपशॉप या ब्रिटिश कपडे कंपनीवर खटला भरला, तिथेही टॉपशॉपकडे छायाचित्रकाराचा परवाना होताच. तरी 2013 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि 2015 मध्ये तो अपिलातही टिकला. मेख अशी, की तिथे स्वतःच्या प्रतिमेवरचा असा वेगळा हक्क कायद्यात नाही. ती जिंकली ती 'पासिंग ऑफ'च्या मुद्द्यावर: टी-शर्ट तिच्याच संमतीने निघालाय, असा गिऱ्हाइकांचा समज होईल, हे न्यायालयाला पटलं. फोटो तिच्या व्हिडिओच्या चित्रीकरणाच्या वेळचा होता आणि टॉपशॉपने आधीही तिच्या नावावर स्वतःची प्रसिद्धी केली होती. दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याच्या ओळी वाजवणाऱ्या बाहुल्यांची विक्रीही दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये थांबवली.

पण ही दोघंही घराघरांत माहीत असलेली नावं. साथीच्या वादकाने काय करायचं? गिऱ्हाइकाचा गैरसमज झाला हे दाखवायचं, तर गिऱ्हाइकाने मुळात त्याला ओळखायला हवं. मला कॅलिफोर्नियाचा कायदा जास्त न्याय्य वाटतो. तिथे प्रसिद्धीची अट नाही, आणि नुकसान मोजता आलं नाही तरी किमान 750 डॉलर भरपाई मिळते. आम्हाला तो लागू नव्हता.

आम्हाला हात दिला तो टी-शर्टच्या टॅगने. गळ्यापाशी लटकणाऱ्या त्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला छापलं होतं, 'दौऱ्याची अधिकृत आवृत्ती'. मी तो उलटा करून समोर धरला. बँडने असली कसलीही परवानगी दिलेली नव्हती. वकिलांनी ती ओळ वाचली, फोन घेऊन बाहेर गेले, आणि संध्याकाळपर्यंत तडजोड कागदावर आली: विक्री बंद, उरलेला माल आमच्या ताब्यात, खपलेल्या मालाचा हिशोब आणि त्यात तिचा वाटा.

मी फाइल बांधत होते, तेव्हा तिने बँडच्या टी-शर्टवर बोट ठेवलं. "आणि याचं काय?"

बँडशी झालेला तिचा करार मी तिथेच उघडला. नाव, चेहरा, आवाज. कोणत्याही वस्तूवर, जगभर, कायमस्वरूपी. मोबदल्याचा एक शब्द नाही. दौरा मिळतोय या आनंदात तिने सही केली होती, आणि नव्या वादकांना असेच करार दिले जातात. परक्या कंपनीला आम्ही त्याच दिवशी नमवलं, पण घरच्यांनी घेतलेलं कायद्याने परत मिळवायला काही मार्ग नव्हता. मला हे जास्त लागलं.

नशिबाने पुढच्या दौऱ्याचा करार व्हायचा होता. 'कायमस्वरूपी' आम्ही खोडलं. दौरा संपला की सहा महिन्यांत शिल्लक माल विकून संपवायचा. सगळ्या बँडचा फोटो असेल तर हरकत नाही; तिचा एकटीचा चेहरा छापायचा असेल, तर नमुना आधी दाखवून लेखी होकार घ्यायचा. आणि वाटा ढोबळ विक्रीवर, कारण निव्वळ नफा खर्च वजा होता होता कुठे जिरतो ते कलाकाराला कधीच कळत नाही. व्यवस्थापकाने बाकी सगळं मान्य केलंय. ढोबळ विक्रीचा मुद्दा मात्र अजून त्याच्या गळी उतरलेला नाही, आणि तो सोडायची आमची तयारी नाही.