वाघिणीत बसून उतरणारा घोडा

वेल्समधल्या पोर्थमादोग स्टेशनात गाडीपाशी मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. इंजिनाला दोन धुराडी, दोन्ही टोकांना एकेक, आणि ड्रायव्हर मधोमध. फेअर्ली पद्धतीचं हे जोडइंजिन. खाली रूळ बघितले तर त्यांच्यात अंतर जेमतेम एक फूट साडेअकरा इंच. आपल्या नेरळ-माथेरानच्या रुळांपेक्षा फक्त अर्धा इंच कमी!

पण माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली ती माणसांना वर न्यायला. ही फेस्टिन्योग रेल्वे १८३६ साली सुरू झाली ती दगड खाली आणायला. वर ब्लायनाय फेस्टिन्योगला पाटीच्या दगडाच्या, म्हणजे छपरावर घालायच्या स्लेटच्या, खाणी आणि इथे समुद्रावर बंदर, मध्ये सुमारे २१ किलोमीटर. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांनी सबंध वाटेला एकसारखा, हलका उतार धरला. भरलेल्या वाघिणी सोडल्या की आपल्या वजनाने थेट बंदराकडे घरंगळत येत. वर ब्रेक सांभाळायला माणसं बसत, बस्स. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे असत आणि उतरताना ते घोडे त्याच गाडीत, त्यांच्यासाठी जोडलेल्या वाघिणीत, चारा खात उभे असत. डोंगराचा उतार इतका नीट वापरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. वाफेची इंजिनं आली १८६३ साली, आणि इतक्या अरुंद रुळांवरही ती काम करतात हे बघायला पुढे देशोदेशीचे इंजिनिअर इथे येऊन गेले.

गाडी ओकच्या रानातून चढत जाते. द्वाल्ट नावाच्या स्टेशनापाशी ती स्वतःच्याच रुळांना वळसा घालून वरून जाते. जुना मार्ग वीज प्रकल्पाच्या तलावात बुडाला, तेव्हा स्वयंसेवकांनी सुट्ट्यांमध्ये येऊन, फावडी-कुदळी चालवून हा नवा मार्ग बांधला. रेल्वे १९४६ सालीच बंद पडली होती. ब्लायनायपर्यंत गाडी पुन्हा पोचली १९८२ साली. एवढी माया फार थोड्या रेल्वेंच्या वाट्याला येते.

ब्लायनायला उतरलो तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती. गावाच्या डोक्यावर, घरांच्या अगदी परसापर्यंत, राखाडी-निळ्या कपच्यांचे डोंगर. एक टन कामाची पाटी काढायची तर दहा-दहा टन दगड फेकून द्यावा लागे, तो सगळा इथे पडलाय. १९५१ साली भोवतालचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला तेव्हा हे गाव या ढिगाऱ्यांपायी हद्दीबाहेर ठेवलं. २०२१ साली मात्र हाच सगळा भूभाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मला ते ढीग कुरूप वाटले नाहीत. ओल्या उजेडात ते चकाकत होते, आणि त्यातली एकेक कपची कुणाच्या तरी हाताखालून गेलेली आहे.

गावालगतच्या लेख्वेदच्या खाणीत छोट्या गाडीने खाली उतरता येतं. आत देवळाच्या सभामंडपाएवढ्या पोकळ्या. कामगार मांडीला साखळीचा वेढा घालून कड्याला लटकत आणि मेणबत्तीच्या उजेडात सुरुंगाची भोकं पाडत. काम उक्तं असे. कड्याचा एक तुकडा तीन-चार जणांच्या टोळीने महिन्याच्या बोलीवर घ्यायचा; दगड चांगला लागला तर पैसे, नाहीतर महिना वाया. मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारूही स्वतःच्या मजुरीतून घ्यायची. ज्या उजेडात मालकाचा दगड काढायचा, त्याचे पैसे कामगाराने भरायचे! हे ऐकून मला फार राग आला.

वर एक कारागीर दगड फोडून दाखवत होता. मांडीला टेकवलेला ठोकळा, रुंद पातळ छिन्नी आणि लाकडी मोगरी. छिन्नी तो नेहमी बरोब्बर मधोमध लावायचा: आधी दोन, मग त्यांचे दोन-दोन. टक, टक, आणि पान सुटल्यासारखा दगड अलगद उघडायचा. तयार पाट्यांना मापाप्रमाणे नावं आहेत: २४ बाय १२ इंचांची डचेस, २० बाय १० ची काउंटेस. मी पायाजवळची एक कपची उचलून दुसरीवर रेघ ओढली. पांढरी उमटली, पहिलीतल्या पाटीवर उमटायची तशीच. अंगठ्याने पुसलीसुद्धा तशीच.

संध्याकाळी परत पोर्थमादोगला आलो. याच धक्क्यावरून पाटी जगभर गेली. १८४२ साली हॅम्बुर्ग जळालं, त्यानंतर तिथल्या नव्या छपरांवर वेल्सची पाटी चढली. परतताना जहाजं रिकामी हेलकावू नयेत म्हणून पोटात परमुलखातले दगड भरून आणत आणि ते बंदराच्या तोंडाशी टाकून देत. त्यांचं आता एक बेटच झालंय. वर झाडं वाढली आहेत. ओहोटी लागली होती, मी बाकावर बसून अंधार पडेपर्यंत त्या बेटाकडे बघत राहिलो.