दुसरी बोट

गुरुवार, रात्री

टाळ्या वाजवायला काही पैसे पडत नाहीत. तरी आज माझे हात वर आले नाहीत. सराव संपल्यावर धक्क्यावरच कोचने सांगितलं, ब्रेस्ट कॅन्सरमधून उठलेल्या बायकांच्या आपल्या सर्व्हायव्हर संघात आता 28 जणी झाल्या, एका ड्रॅगन बोटीत वल्ही मारायला वीसच बसतात, म्हणून क्लब आपल्यासाठी दुसरी बोट घेतोय. एकच जल्लोष झाला. मिश्र संघातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पलीकडून जाणाऱ्या छोट्या फेरीबोटीतल्या लोकांनीसुद्धा हात हलवले, काय झालंय ते ठाऊक नसताना. मी लाइफ जॅकेटचा पट्टा सोडवत उभी राहिले. पट्टा केव्हाच सुटला होता.

घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. यांनी विचारलं, दंड दुखतोय का. नाही म्हटलं. दंडाला काहीसुद्धा झालेलं नाही.

आनंद व्हायला हवा होता ना मला? क्लब सुरू झाला तेव्हापासूनची मी. तेव्हा मिश्र संघच कसाबसा भरायचा, आम्ही जेमतेम बारा जणी. उरलेल्या बाकांवर कुणाची बहीण, कुणाचा नवरा, कुणाची कॉलेजातली पोरगी. कुणाचं स्कॅन कधी आहे, कुणाच्या गोळ्या बदलल्या, कुणाच्या सुनेने बोलणं टाकलंय, सगळ्यांना सगळं माहीत असायचं. आता जॅकेटवर नावाच्या चिकटपट्ट्या लावाव्या लागतात. परवा डाव्या-उजव्या बाजूचं वजन जुळवताना मला पाचव्या बाकावरून सातव्यावर नेलं. त्याचं काही वाटत नाही. बोट एका बाजूला कलली तर सगळ्यांनाच त्रास. पण पाचव्या बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं, ते आता किती जणींना आठवत असेल?

जाऊ दे.

सलतंय ते वेगळंच आहे. दुसऱ्या कुठल्या क्लबात माणसं वाढली तर चांगलंच की. शाळकरी मुलं येऊ देत, रिटायर झालेले आजी-आजोबा येऊ देत. पण आमच्या बोटीत बसायला जे लागतं ते कुणी हौसेने मिळवत नाही. आठ जणी जास्त झाल्या याचा अर्थ आठ घरांत तो फोन आला. आठ जणी कुठल्या तरी पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसून राहिल्या असतील, घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करत. आणि आम्ही टाळ्या वाजवतोय. दुसरी बोट भरली की तिसरी घेणार, तेव्हाही वाजवू. वाढ म्हणायचं याला?

सातव्या बाकावर आज माझ्या शेजारी ती नवी होती. बाई म्हणवत नाही, मुलगीच. तिशी नुकतीच ओलांडली असेल. टोपीखालून बोटाच्या पेराएवढे केस आलेत, कुरळे. आधी सरळ होते म्हणाली. गळ्याच्या हाडाखाली पोर्टचा, म्हणजे औषध सोडायला कातडीखाली बसवतात त्या डबीचा, उंचवटा अजून आहे, हर्सेप्टिन हे औषध वर्षभर घ्यायचंय म्हणून. डॉक्टरांनी वल्हवायला परवानगी दिलीय, पण जॅकेटचा पट्टा नेमका तिथेच घासतो. त्यावर तिने उपाय काढलाय. बाळाचा मोजा घडी घालून पट्ट्याखाली सारला होता. पिवळा, त्यावर बदकं. दर थोड्या वेळाने तो खाली सरकायचा आणि ती वल्हं मांडीवर आडवं टाकून दोन बोटांनी परत जागेवर आणायची, कुणाचं लक्ष नाही असं बघून.

मी तिला पकड दाखवली. वरच्या हाताचा तळवा मुठीवर, खालचा हात पात्याच्या जरा वर, बाहेरचा पाय पुढे, कंबर बोटीच्या कडेला अगदी चिकटवून. दंडाने ओढायचं नाही, अंग वळवायचं, ओढायचं काम पाठीने करायचं. आणि पाण्याकडे बघायचंच नाही, पहिल्या बाकावरच्या दोघींच्या वल्ह्यांकडे बघायचं. भराभर शिकली. मग मान न वळवताच विचारलं, भीती किती दिवसांनी जाते?

तेवढ्यात "पॅडल्स अप" आलं, वल्ही उचलायचा हुकूम.

उत्तर राहिलंच. सराव संपेपर्यंत तिनेही परत विचारलं नाही.

नव्या आलेल्यांना अशा संघांची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडेच असतं. ती मी घडाघडा सांगते. इथे व्हॅन्कुव्हरमध्ये, याच फॉल्स क्रीकच्या पाण्यात 1996 साली हे सगळं सुरू झालं. तोवर जगभर बायकांना एकच सांगितलं जायचं: काखेतल्या गाठी काढल्यात ना, मग त्या हाताने जड उचलायचं नाही, जोराचं काम करायचं नाही, नाहीतर हात सुजेल आणि ती सूज जन्माची. लिम्फिडिमाची ही भीती खोटी नव्हती, पण तो हात जपून, निजवून ठेवला की सूज टळते याला पुरावा कुणाकडेच नव्हता. यूबीसीतले, म्हणजे इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले, क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांना ते पटत नव्हतं. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लिम्फला, म्हणजे अंगात फिरणाऱ्या त्या पाण्यासारख्या द्रवाला, तसं काही नाही, आसपासचे स्नायू हलले की ते पुढे सरकतं. मग हात हलवायला बंदी का? पारखून बघायला त्यांनी मुद्दामच दंड-खांद्यांचा कस लागेल असा, तेच ते पुन्हा पुन्हा करायला लावणारा खेळ निवडला. 24 जणी तयार झाल्या. आधी जिममध्ये ताकद कमावली, मग बोटीत बसल्या, जूनमधल्या शर्यतीत उतरल्या. हंगाम संपला तेव्हा एकीचाही हात नव्याने सुजला नव्हता, आणि ज्यांना आधीपासून सूज होती त्यांचीही वाढली नव्हती. 1998 साली कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्यांनी ते लिहिलं. एका हंगामापुरताच बेत होता, पण बायका बोटीतून उतरायलाच तयार होईनात. आज तीसहून अधिक देशांत असे संघ आहेत. 2018 ला फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीवर सगळे जमले होते, 2023 ला न्यूझीलंडच्या करापिरो तलावावर.

इथपर्यंत आलं की ऐकणारीचा चेहरा उजळतो. मलाही बरं वाटतं. त्यापुढे मी जात नाही, आईचं सांगत नाही.

आईचं ऑपरेशन मुंबईत झालं. तिच्या माहेरी कळवलं नव्हतं. घरात आजाराचं नावसुद्धा घ्यायचं नाही, "तिचं ते" म्हणायचं. उजव्या हाताने कळशी नाही, पाटा-वरवंटा नाही, धुणं पिळायचं नाही. आईने शब्दन् शब्द पाळला. सवाष्ण जेवायला आली तरी वाढायचं डाव्या हाताने कसं म्हणून मला पुढे करायची. तरी हात सुजलाच. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. मग मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, मे महिन्यातसुद्धा तेच. रात्री हाताखाली दोन उशा. समोरच्या काकूंनी विचारलं की सांगायची, मोरीत पडले होते, हाड नीट जुळलं नाही. शेवटपर्यंत तेच सांगत राहिली.

त्याच गल्लीत आणखी एखादी असेल का लांब बाह्यांची? असेलच. दोघी भाजीच्या गाडीशी शेजारी उभ्या राहून कोथिंबिरीची जुडी निवडत असतील, आणि एकीला दुसरीचं माहीत नसेल.

आई कुठल्याही आकड्यात नव्हती. मघापासून मी इथेच येऊन अडकतेय. मी त्या 28 चा अर्थ लावला की 28 जणी आजारी पडल्या. पण कॅनडात आठातल्या एका बाईला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. या एवढ्या शहरात मग अशा किती असतील? आमच्या बोटीकडे फिरकल्याही नसतील. 28 जणी म्हणजे ज्या धक्क्यापर्यंत चालत आल्या त्या. आजारी तर त्या बोट नसती तरी पडल्याच असत्या.

आणि ज्या जगल्या त्या. हेही मोजायला हवं मला. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून इथे या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलंय. या प्रांतात 1988 पासून बायकांना मॅमोग्रामला बोलावतात. माझं तसंच सापडलं, हाताला काहीच लागत नव्हतं तेव्हा. त्या पोरीच्या पोर्टमधून जे औषध जातंय ते आईच्या वेळी अस्तित्वातच नव्हतं. आईला झालेली गाठ कुठल्या जातीची, हे विचारायचं असतं एवढंही आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे बोट भरतेय ती काही अंशी यासाठीही भरतेय की बायका वल्हं मारायला उरतायत.

हे सगळं पटतं. पटूनही हात वर आले असते का, सांगता येत नाही.

कारण 28 मध्ये ज्या नाहीत त्यांचं काय? पाचव्या बाकावरची माझी शेजारीण नाही. ढोल वाजवणारी ती दोन मुलांची आई नाही. आकडा सांगताना त्या आपोआप वजा होतात, आणि कुणी वाईट हेतूने करत नाही हे कळतं मला. जूनमध्ये शर्यतींनंतर सगळ्या बोटी कडेला कडा लावून एकमेकींना धरून उभ्या राहतात, आणि गुलाबी फुलं पाण्यात सोडतात. त्या वेळी मी नेहमी दोन फुलं घेते. यंदा किती घ्यावी लागतील, नको तो विचार.

रडले थोडी. बरं वाटलं. यांनी चहा ठेवला.

मिश्र संघात हाँगकाँगचे ते आजोबा आहेत. दर वर्षी त्यांच्या पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी बांबूच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात आणतात सगळ्यांसाठी. पान सोडलं की आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखी पानाची वाफ आधी नाकात जाते. गोष्ट त्यांनीच सांगितली होती. छू युआन नावाचा कवी, राजाचा मंत्री. राज्याची राजधानी शत्रूने घेतली म्हणून त्याने नदीत उडी घेतली. गावातल्या लोकांना कळलं तसे सगळे होड्या घेऊन धावले, त्याला वाचवायला. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. तो काही सापडला नाही. तेव्हापासून दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोक त्या दिवशी होड्या हाकतात.

ती गोष्ट आज चहा पिताना वेगळीच दिसली. पहिली होडी निघाली असेल, मग दुसरी, मग ज्याला जी मिळाली ती. काठावर उभं राहून कुणी म्हटलं असेल का, अरे बापरे, एवढ्या होड्या, म्हणजे किती मोठं संकट? उलट जितक्या होड्या पाण्यात तितका धीर वाटला असेल लोकांना. आणि पोहोचायला उशीर झाला तरी पुढच्या वर्षी परत निघालेच की.

आजोबांना विचारायला हवं, पहिल्या वर्षी किती होड्या होत्या म्हणतात त्यांच्याकडे.

दहाच्या सुमाराला कोचचा मेसेज आला. दोन्ही बोटींत जुन्या-नव्या सारख्या वाटून बसवायच्या आहेत, सगळ्या नव्या एकीकडे टाकून चालणार नाही. दुसऱ्या बोटीत यायला जुन्यांपैकी कोण कोण तयार आहे? मी लिहिलं, मी येते. तिसरा-चौथा-पाचवा, कुठलाही बाक चालेल, फक्त ती बदकांच्या मोज्यावाली माझ्या बाजूला हवी. तिचं उत्तर द्यायचं राहिलंय. माझी भीती गेलेली नाही, हे तिला खरं खरं सांगणार आहे. स्कॅनच्या आदल्या आठवड्यात अजून झोप लागत नाही. पण गुरुवारी संध्याकाळी बोटीत बसल्यावर पहिल्या बाकावरच्या वल्ह्यांकडे बघावंच लागतं, आणि तेवढा वेळ तरी दुसरीकडे बघता येत नाही. एवढंच सांगता येईल मला. आणि त्या मोज्याऐवजी पट्ट्याला शिवता येईल अशी मऊ गादी करून देणार आहे, जुन्या फ्लॅनेलची. माझ्या पोर्टच्या वेळी केली होती ती कुठे आहे बघायला हवं.

खाली आणखी एक ओळ होती. नव्या बोटीला नाव सुचवा.

दुसरं कुठलं नाव सुचतच नाहीये. आईचंच येतंय. इथल्या लोकांना उच्चारायलाही सोपं आहे, दोनच अक्षरं. पण ते बोटीवर रंगवायचं म्हणजे का ते सांगावं लागेल, फोटो निघतील, ते सांगलीपर्यंत जातील. माझा टोपीतला फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला होता तेव्हा ताई तीन दिवस बोलली नव्हती. आईचं तर मामालासुद्धा अजून पडल्याचंच माहीत आहे.

तिकडे आता सकाळचे अकरा वाजले असतील. ताईची पूजा आटोपली असेल. नको म्हणेल ती, हे मला माहीत आहे. तरी विचारते.