दार तोडायचा हक्क मिळतो, मग पुढे काय

फायर ॲकॅडमीत, म्हणजे अग्निशमन जवानांच्या ट्रेनिंगला, नवीन बॅच आली की सगळ्यांना एकच घाई असते, आत कधी जायचं. होज म्हणजे पाण्याचा पाईप गुंडाळणं, शिडी लावणं, पंपावर तासन्तास उभं राहणं हे सगळं त्यांना वेळकाढूपणा वाटतं. मला ही घाई मनापासून आवडते, ती नसेल तर माणूस या नोकरीत टिकतच नाही. पण आत म्हणजे कुठे? दुसऱ्या कुणाच्या तरी घरात. जो माणूस आपल्याला ओळखतसुद्धा नाही त्याच्या बेडरूमपर्यंत बूट घालून, न विचारता, दार फोडून जायची मुभा समाज फार थोड्या लोकांना देतो आणि त्यात आपण आहोत. शिकवायला लागल्यापासून मी ट्रेनिंगमधल्या प्रत्येक गोष्टीकडे याच नजरेने बघतो, कायदा आणि नीतीचा विषयही माझ्यासाठी इथूनच सुरू होतो.

आधी शरीराचं बघू. मेझ ड्रिल, म्हणजे अंधाऱ्या भुलभुलैयातून वाट काढायचा सराव, ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. बीए सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क चढवायचा, मास्कच्या काचेवर काळा कागद, आणि एक हात भिंतीवर ठेवून गुडघ्यांवर रांगत निघायचं. मध्येच कुठेतरी वरून वायरी सोडलेल्या असतात, त्या बरोबर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. अडकल्यावर नव्वद टक्के पोरं पुढे जोर लावतात, जितका जोर तितकी वायर घट्ट, मग श्वास वाढतो, मास्कमध्ये स्वतःचाच आवाज घुमायला लागतो आणि हात आपोआप मास्कच्या पट्ट्यांकडे जातो. त्या क्षणी बाहेरून एवढंच सांगायचं असतं, ‘थांब. मागे ये. खांदा खाली घे.’ एक पाऊल मागे आलं, खांदा खाली वळवून हात पोहल्यासारखा फिरवला की वायर सुटते. गोष्ट एवढीशी आहे पण घाबरलेल्या शरीराला मागे जायला शिकवणं म्हणजे त्याच्या सगळ्या स्वभावाविरुद्ध जाणं, म्हणून ते परत परत करून घ्यावं लागतं.

हवेचा हिशोब पण तसाच. सिलिंडरवर तीस मिनिटं लिहिलेलं असतं ते शांत श्वासाचं, होज ओढत जिना चढणाऱ्या माणसाला त्यातला बराच कमी वेळ मिळतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की बाहेर निघायचं असं बरेच जण समजतात. माझं म्हणणं असं की शिट्टी वाजेल तेव्हा तू बाहेर उभा पाहिजेस, कारण आत जितकी हवा लागली तितकी बाहेर यायलाही लागते आणि वाट चुकलास तर वर आणखी.

आणि हल्लीची घरं वेळच देत नाहीत. यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या संशोधकांनी शेजारी शेजारी दोन खोल्या पेटवून बघितल्या होत्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं फर्निचर आणि दुसरीत फोमचा सोफा, सिंथेटिक पडदे. आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला गेली, जुन्या सामानाच्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला. फ्लॅशओव्हर म्हणजे छताखालचा धूर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी पेट घेते, त्यात पूर्ण सूट घातलेला माणूसही काही सेकंदांच्या वर टिकत नाही. आगीची खबर मिळून गाडी पोचेपर्यंत ही पाच मिनिटं बहुतेक वेळा संपलेलीच असतात. म्हणजे आपण दारात उभे राहतो तेव्हा ‘आत कोणी जिवंत असू शकतं का’ हा प्रश्न भावनेने सोडवून चालत नाही, धूर कुठून किती जोरात येतोय, कुठली खोली दार बंद असल्यामुळे वाचलेली असू शकते, हे वाचता आलं पाहिजे.

इथे मी प्रत्येक बॅचला वूस्टरचं सांगतो. 3 डिसेंबर 1999, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, शीतगृहाची रिकामी पडलेली सहा मजली इमारत, खिडक्या जवळजवळ नाहीत, भिंतींना आतून कॉर्क आणि फोमचे थर. आत बेघर लोक राहतात असं कळलं म्हणून शोधायला गेलेले दोन जवान धुरात हरवले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चार परत आले नाहीत. बाहेर जवान रांगेत उभे होते, मला सोडा मला सोडा म्हणत, आत त्यांचे मित्र होते. तेव्हा तिथले डिस्ट्रिक्ट चीफ माईक मॅक्नमी स्वतः दारात आडवे उभे राहिले आणि आता कोणीही आत जाणार नाही म्हणून सांगितलं. सहा माणसं आत असताना. ज्यांना शोधायला हे सगळे गेले ते दोघं बेघर तर आग लागल्यावर केव्हाच बाहेर पडले होते.

मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात मोठी हिंमत त्या दारात होती. आत जाणाऱ्याची हिंमत सगळ्यांना दिसते, त्याला मेडल मिळतं, पण आपल्या माणसाच्या आईला, बायकोला उद्या काय सांगायचं हे डोळ्यासमोर असताना बाकीच्यांना अडवणं, याचं ट्रेनिंग आपण जवळजवळ देतच नाही. द्यायला पाहिजे. अगदी शिकाऊ जवानालासुद्धा ‘सर, मला हे सुरक्षित वाटत नाहीये’ हे रेडिओवर म्हणायची सवय लावली पाहिजे आणि म्हटल्यावर त्याची टर उडता कामा नये.

त्या घटनेचं पुढे कोर्टातही झालं. मेणबत्ती पडून आग लागलेली, ते दोघं कुणालाही न कळवता निघून गेले, म्हणून त्यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने 2002 मध्ये म्हटलं की जीवघेणा धोका ज्याच्या हातून तयार झाला त्याच्यावर तो कळवायची जबाबदारी येते. मला हे तत्त्व पटतं, पण डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीत मेणबत्ती लावून बसलेल्या दोन माणसांचा विचारही मनातून जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता दार तोडायच्या हक्काबद्दल. कायदे देशागणिक बदलतात पण 1978 चा मिशिगन विरुद्ध टायलर हा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल प्रत्येक जवानाने वाचावा असा आहे. जळत्या इमारतीत शिरायला वॉरंट लागत नाही, आग विझल्यावर कारण शोधायला वाजवी वेळ आत थांबता येतं, तिथपर्यंत ठीक. पण त्या केसमध्ये तपास करणारे काही आठवड्यांनी परत वॉरंटशिवाय आत गेले, तो पुरावा कोर्टाने धरला नाही. म्हणजे आपला हक्क आगीबरोबर येतो आणि आगीबरोबर जातो, घर जळून कोळसा झालं तरी ते त्या माणसाचंच घर राहतं.

आणि आत आपण काय करतो त्यावर कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं. टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला 1991 मध्ये आग लागली, तीन लहान मुली गेल्या आणि आग त्यानेच लावली असं ठरवून 2004 मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. तपासात एक मुद्दा खिडकीच्या काचेचा होता. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले की ज्वलनशील द्रव ओतलं होतं, असं तेव्हा पक्कं मानलं जायचं. असे तडे तापलेल्या काचेवर होजचं पाणी पडलं तरी जातात!! म्हणजे आपणच मारलेल्या पाण्याची खूण त्याच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहिली. नंतर अनेक आगतज्ज्ञांनी त्या तपासाला शास्त्रीय आधार नव्हता असं लिहिलं, पण तोवर फार उशीर झाला होता. म्हणून ढिगारा उपसताना मी ओरडत असतो, उगाच सगळं बाहेर फेकू नका, स्टोव्हची नॉब फिरवली असेल तर सांगा, दार तुम्ही तोडलंत की आधीच उघडं होतं ते रिपोर्टमध्ये लिहा. रिपोर्ट म्हणजे कंटाळवाणा कागद वाटतो, पण दोन वर्षांनी कोर्टात तोच तुमच्या वतीने बोलतो.

मोबाईलचं तर विचारूच नका. 2020 च्या हेलिकॉप्टर अपघातात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि आणखी सात जण गेले, तिथले फोटो पोलीस आणि फायरच्या लोकांनी स्वतःच्या फोनवर काढून इकडे तिकडे दाखवले. 2022 मध्ये ज्युरीने लॉस एंजेलिस काउंटीला 3 कोटी 10 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. कॅलिफोर्नियात मृतांचे असे फोटो काढणं आता गुन्हा आहे. पण कायदा यायची वाट कशाला बघायची, आपण ज्या घरात शिरतो तिथे माणूस त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात असतो, अंगावर कपडे नसतील, घरात पसारा असेल, औषधं उघडी पडलेली असतील. ते आपल्याला दिसलं कारण आपल्याला आत यावं लागलं. स्टेशनवर येऊन ते चवीने सांगणं हीसुद्धा चोरीच आहे, असं माझं स्पष्ट मत.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे 2010 मधली टेनेसीतल्या ओबायन काउंटीची घटना. शहराबाहेरच्या घरांना फायर सर्व्हिससाठी वर्षाला 75 डॉलर भरावे लागायचे, एका घराने भरले नव्हते, आग लागली तर दल आलं ते पैसे भरलेल्या शेजाऱ्याची जागा वाचवायला, ते घर मात्र जळू दिलं. मालक फोनवर सांगत होता लागतील तेवढे पैसे देतो. घरातली तीन कुत्री आणि एक मांजर गेली. नियम जवानांनी केला नव्हता, तो वरून आलेला. तरी होज हातात धरून बघत उभं राहायला लावणारा नियम मला कुठल्याही हिशोबाने पटत नाही, पैसे नंतर वसूल करा, दंड लावा, काहीही करा, आधी पाणी मारा.

एक गोष्ट घाईत सांगतो कारण ती नेहमी राहून जाते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, फायरमनचं काम पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. काळं पडलेलं हेल्मेट आणि धुराचा वास मारणारा सूट मिरवायचे दिवस गेले. जागेवरच सूटवर पाणी मारा, मान आणि हात पुसा, ते कपडे गाडीत पुढे आणि घरी मुलांजवळ नेऊ नका. साफ सूट मागणं, वेळेवर तपासणी मागणं हा तुमचा हक्क आहे, मागायला लाजू नका.

बहुतेक ठिकाणी कायदा आणि नीती हे शेवटच्या आठवड्यात एका लेक्चरमध्ये उरकतात, तोवर पोरांचं लक्ष पासिंग आउट परेडकडे लागलेलं असतं. मी ते आता सर्च ड्रिलमध्येच घुसवलंय. खोली शोधून बाहेर आलेल्या टीमला आधी हवा किती उरली ते विचारतो, मग कशाकशाला हात लावला, काय हलवलं, कुठलं दार कसं उघडलं, आणि आत जे दिसलं त्यातलं कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही. सुरुवातीला गोंधळतात, वैतागतात. काही बॅचेसनंतर सीनियर मुलंच नवीन मुलांना हे विचारायला लागलीयेत, आणि ज्या ॲकॅडमीत हे अजून होत नाही तिथल्या शिक्षकांनी उद्याच्याच ड्रिलला करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.