ब्लॉटवरचा ढग

महिनाभर मी एका ढगाशी भांडत होते. उंदराच्या बी पेशींचं लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस), सीडी७४ या प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी, साधा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीन जेलवर वजनानुसार वेगळी करून हवं ते फिल्मवर काळ्या पट्टीसारखं दिसतं ती पद्धत. सीडी७४ म्हणजेच इन्व्हेरियंट चेन. क्लास टू एमएचसी, म्हणजे टी पेशींना पेप्टाइड (प्रोटीनचे तुकडे) दाखवणारं प्रोटीन, नवीन तयार झाला की ही त्याच्या खाचेत बसून राहते, दुसरं पेप्टाइड आत शिरू देत नाही, मग त्याला एंडोसोम या पेशीतल्या पिशवीपर्यंत नेते आणि तिथे तिचे तुकडे होतात. ३१ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं माप) स्वच्छ बॅण्ड यायचा, पण एक्स्पोजर वाढवलं की वर ४५ पासून ७० पर्यंत काळपट पसरट स्मिअर, तोच हा ढग. मी जेल बदललं, ब्लॉकिंग बदललं, नवीन लायसेट केलं, स्मिअर तिथेच.

त्या दिवशी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "अगं, ही घाण असती तर दर वेळी त्याच उंचीवर कशी आली असती? कॉन्ड्रॉइटिनेज घालून बघ."

एकाच सॅम्पलचे तीन भाग केले. एकात कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी (कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ही साखरेची लांब साखळी कापणारं एन्झाइम), एकात हेपॅरिनेज (वेगळ्या प्रकारची साखळी कापणारं), तिसऱ्यात नुसतं बफर. तिन्ही ३७ डिग्रीला, कारण तेवढा वेळ गरम ठेवल्यानेच प्रोटीन तुटलं असं नंतर कोणी म्हणायला नको, हा तिसरा भाग टाळू नका खरंच. संध्याकाळी फिल्म धुतली तर बफर आणि हेपॅरिनेजच्या लेनमध्ये ढग जसाच्या तसा, आणि कॉन्ड्रॉइटिनेजच्या लेनमध्ये गायब! त्याऐवजी मुख्य बॅण्डच्या किंचित वर एक बारीक रेघ, साखळी कापली तरी बुडाशी थोडी साखर चिकटून राहते ना, म्हणून वर. माझे हात थरथरत होते.

म्हणजे ढग ही इन्व्हेरियंट चेनच होती, २०१ नंबरच्या सेरिन या अमिनो आम्लावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची साखळी लागलेली. प्रत्येक रेणूवरची साखळी कमीजास्त लांब, म्हणून एक बॅण्ड न येता पसरट डाग येतो. एकूण इन्व्हेरियंट चेनमध्ये हे प्रोटिओग्लायकन (अशी साखळी लागलेलं प्रोटीन) अगदी थोडं असतं, पण ते पेशीच्या पृष्ठभागावर क्लास टू च्या सोबत सापडतं, आणि टी पेशीवरच्या सीडी४४ या प्रोटीनला धरून तिचा प्रतिसाद वाढवू शकतं, हे १९९३ मध्येच छापून आलेलं आहे, मी वाचलेलंही होतं. आपण अँटिजेन प्रेझेंटेशन (टी पेशीला पेप्टाइड दाखवणं) म्हटलं की पेप्टाइड, एमएचसी आणि टी सेल रिसेप्टर एवढंच डोक्यात ठेवतो, बाजूला ही साखरेची साखळी दोन पेशींना जवळ धरत असेल हे ब्लॉट बघताना माझ्या मनातच आलं नाही, याचं वाईट वाटतं.

रात्री घरी न जाता जुन्या फिल्म्स काढल्या. डेंड्रिटिक पेशींच्या होत्या, मॅक्रोफेजच्याही. फोल्डरमध्ये सगळ्यांच्या चित्रांतला ४० किलोडाल्टनच्या वरचा भाग मी कापून टाकला होता, मूळ फिल्म मात्र फेकल्या नव्हत्या. एकेक लाइटबॉक्सवर ठेवून वरचा भाग बघत बसले.