मोठी मायचं नाव आणि लॉर्ना सिम्प्सनच्या पाट्या

गेले दोन महिने मी एकाच बाईच्या कामात गुंतलेय, लॉर्ना सिम्प्सन. १९६० साली ब्रुकलिनमधे जन्मलेली कृष्णवर्णीय अमेरिकन फोटोग्राफर. खरंतर आमच्या खान्देशात फोटोग्राफी म्हटलं की पहिलं नाव केकी मूस यांचं, चाळीसगावला स्टेशनजवळचं त्यांचं घर मी कॉलेजात असताना पाहिलं, ते टेबलटॉप फोटो, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेले, बघून तिथून हलावंसं वाटेना, आणि फोटो काढायचं वेड मला तिथंच लागलं. पण फोटोत शब्द काय करू शकतात हे मला सिम्प्सननं दाखवलं.

आधी मला वाटायचं फोटोखाली लिहिलेलं म्हणजे कॅप्शन, फोटोत काय आहे ते सांगणारं. तिचं तसं नाहीच. १९८६ चं 'वॉटरबेअरर' बघा, पांढऱ्या साध्या कपड्यातली बाई पाठमोरी उभी, दोन्ही हातांनी पाणी ओततेय, एका हातात धातूचा जग आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचा. खाली मजकूर असा की तिनं त्याला नदीकाठी नाहीसं होताना पाहिलं, लोकांनी तिला काय झालं ते विचारलं, आणि तिची आठवण खरी धरलीच नाही. बस. मी त्या फोटोपाशी अख्खी संध्याकाळ बसले, कारण एका हातात कळशी आणि दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा कॅन घेऊन नळावरून येणाऱ्या बाया मी लहानपणापासून बघितल्यात, पण त्यांनी काय पाहिलं हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग १९८८ चं 'फाइव्ह डे फोरकास्ट'. पाच फोटो, पाचही धडाचे, चेहरा कापलेला, हाताची घडी घातलेली. वर सोमवार ते शुक्रवार, खाली दहा शब्द आणि दहाही इंग्रजीतल्या 'मिस'नं सुरू होणारे. चुकीची ओळख, चुकीची नोंद, चुकीचं निदान, चुकीचा अनुवाद असे. मराठीत करायला गेलं की प्रत्येकाला 'चुकीचा चुकीची' लावत बसावं लागतं आणि तो ठोका जातो, शिवाय इंग्रजीत 'मिस' म्हणजे कुमारी पण, ते तर आणताच येत नाही. आणि हे शब्द कागदावर छापलेले नाहीत, ऑफिसच्या दारावर असतात तशा कोरीव प्लास्टिकच्या पाट्यांवर आहेत. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. बाई कोण आहे ते बाई सांगत नाही, पाटी सांगते.

आमची मोठी माय, म्हणजे माझी आजी, माहेरची गोदावरी. लग्नात नाव बदलून सुमन झाली, रेशनकार्डावर सुमनबाई, आधारवर सुमण, आणि पासबुकात अजून तिसरंच. एवढ्यावरून तिचा म्हातारपणाचा पगार चार महिने अडकला होता, एका ऑफिसात तर तिच्यासमोरच मला विचारलं की ही बाई नक्की तीच का. ती बाजूच्या बाकावर पदर सावरत बसलेली. तो दिवस मी विसरूच शकत नाही.

म्हणून मी अमळनेरला स्टँडजवळ नेमप्लेटवाल्याकडं गेले, म्हटलं पाच पाट्या करून द्या, काळ्यावर पांढरी अक्षरं, पाच कागदांवरची पाच नावं जशीच्या तशी. त्यानं यादी वाचली आणि म्हणाला, ताई, खाली पद काय टाकू? मला उत्तरच सुचलं नाही. पन्नास वर्षं कापूस वेचलेल्या बाईचं पद काय लिहायचं?

घरी ओट्यावर तिला पाठमोरी उभी केली तर तिनं आपणहून डोक्यावरून पदर घेतला. मग म्हणे, "मना तोंडना फोटो कसाले नई काढस वं?" सिम्प्सन चेहरा का दाखवत नाही हे मी तिला जमेल तसं अहिराणीत सांगितलं, की लोक चेहरा बघतात आणि ठरवून मोकळे होतात म्हणून. तिनं ऐकून घेतलं. सिम्प्सनसारख्या मी वर लावलेल्या वारांच्या पाट्या मात्र तिला पटल्या नाहीत, सोमवार ते शुक्रवार हा नोकरीवाल्यांचा आठवडा, तिला वार कळतो तो बाजारावरून. तिचं बरोबर होतं, मी त्या काढून टाकल्या.

नावांच्या पाट्या मी तिला एकेक वाचून दाखवल्या. तिला वाचता येत नाही. ती उठली, आत गेली आणि फडताळातून पितळी तांब्या घेऊन आली, लग्नात मामानं दिलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, 'गोदावरीस मामाकडून'. घासून घासून पुसट झालंय, मला उजेडात तिरपा धरावा लागला. तिनं बघितलंही नाही, अंगठा बरोबर 'गो'वर ठेवला आणि म्हणाली, "हाई मनं नाव शे."

तो फोटो मी काढलाय. तांब्या आणि अंगठा. त्याच्याखाली पाटी लावलेली नाही.