उजनी, टक्के आणि लाँच

आज पेपरात परत उजनीचा आकडा. आमच्या सोलापुरात धरण म्हणजे टक्केवारी, प्लसमध्ये आलं का मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं एवढंच, कारण नळ चार-पाच दिवसाआड आणि घरातले पिंप त्याच्या भरवशावर. आत्याचा फोन आला, तिनं पण पहिलं तेच विचारलं, पण तिचा हिशोब वेगळाय. ती करमाळ्याच्या बाजूला, कुगावजवळ. पाणी चढलेलं असलं की लाँच, म्हणजे पलीकडं जायची बोट, जवळ लागते, उतरलं की चपला हातात घेऊन गाळातनं चालत जायचं.

मॅपवर बघितलं तर हे काय बेट नाही. पण १९८० ला धरण झालं, भीमा पसरली आणि समोर दिसणारं इंदापूर तालुक्यातलं कळाशी रस्त्यानं लई लांब पडायला लागलं. मग दवाखाना, कॉलेज, लग्नकार्य, पुणे हायवे गाठायचा, सगळं बोटीनं. मी बसलो तेव्हा फ्लेमिंगो दिसतील म्हणून कॅमेरा काढून तयार, आणि बाकीचे एसटीत बसल्यासारखे डुलक्या काढत, एक बाई तर कोथिंबीर निवडत होती.

२१ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि कुगावहून कळाशीला निघालेली बोट उलटली. सात जण होते, एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, सहा गेले, त्यात लहान लेकरं पण. नंतर जो तो लाइफ जॅकेटवर बोलायला लागला. जॅकेट पाहिजेच, पण वारं वाढलं तर आज बोट सोडायची नाही हे ठरवायचं कुणी? नावाडी तर नाही म्हणणार नाही, त्याचं पोट त्याच्यावर आहे आणि पॅसेंजरला पण घरी जायची घाई. कोचीत २०२३ ला वॉटर मेट्रो आली, बेटांवरच्या लोकांसाठी टर्मिनल, तिकीट, बॅटरीवरच्या बोटी. तेवढं थाटाचं नको, पण ही रोजची वाहतूक आहे असं कुणीतरी मानायला तरी पाहिजे की.

पलीकडचं शिरसोडी ते कुगाव असा पूल होणारे, त्यामुळं आता बोटीचं काय बोलायचंच नाही असा सगळ्यांचा सूर.

आत्याला पुढच्या आठवड्यात पलीकडं साखरपुड्याला जायचंय. म्हटलं मी येतो गाडी घेऊन, टेंभुर्णीवरनं जाऊ. तर म्हणली, "डिझेल तू घालणार का? दुपारच्या आत वारं नसतंय, मी जाते सकाळच्या बोटीनं."