सिलिंडरचा काटा

दुपारी 2:50 ला फोन आला. बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत अमोनिया सुटला होता. एप्रिलचा पहिला आठवडा. 1 जूनला मासेमारी बंद होते, त्यामुळे त्याआधीचे दोन महिने या फॅक्टरीवाल्यांना उसंत नसते. बोटी रांगेत, टेम्पो रांगेत आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू. दक्षिण कोकणातल्या एका लहान बंदराच्या अग्निशमन केंद्रावर मी तेव्हा स्टेशन ऑफिसर होतो. बंदराचं आणि फॅक्टरीचं नाव लिहीत नाही. सांगायचं आहे ते माझ्या माणसांबद्दल आणि माझ्याबद्दल.

बंब फाटकापाशी पोचायच्या आधीच डोळे चुरचुरायला लागले. दुपारचा वारा समुद्रावरून आत वाहतो, म्हणजे वायू थेट वाडीवर चालला होता. बायका ओला पदर तोंडावर धरून पोरांना घेऊन चढण चढत होत्या. पोलीस पाटलांना मी एवढंच सांगितलं, खाली कोणी थांबू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा. तेवढ्यात एक खलाशी धावत आला.

"साहेबांनू, आत एक माणूस ऱ्हवलो हा!"

आमच्याकडे केमिकल सूट दोनच. म्हणजे आत जाणारे दोघेच. अण्णा आमचे लीडिंग फायरमन, वय 49, या बंदरावरचा एकूण एक गाळा त्यांना पाठ. सोबत दिला दोन वर्षांपूर्वी भरती झालेला पोरगा, वय 26, संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळणारा. दोघांच्याही पाठीवरचे हवेचे सिलिंडर भरलेले, दाब 300 बार. मी वहीत लिहिलं, 3:12, 300, 300. बाहेर आम्ही पाण्याचा फवारा उभा केला. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो, त्यामुळे दारातून येणारा ढग तिथल्या तिथे दाबता येतो. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी मारायचं नसतं, वाफ उलट वाढते. ब्रांच, म्हणजे होजचं तोंड, धरलेल्या दुसऱ्या पोराला हे मी तीनदा ओरडून सांगितलं.

नवव्या मिनिटाला त्यांनी माणूस बाहेर आणला. ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या टाकीमागे, मागच्या दारापासून चार हातांवर तो पडला होता. घोंगडी उचलावी तसा दोघांनी त्याला ओढत आणला. डोळ्यांवर पाण्याची धार धरली आणि तो किंचाळला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. अण्णा आणि पोरगा दारातूनच मागे वळले. व्हॉल्व बंद व्हायचा होता.

3:29 ला शिटी वाजली.

ज्यांनी बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायचा संच, लावलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडर 6.8 लिटरचा, 300 बारला भरला की त्यात साधारण 2000 लिटर हवा बसते. दाब 55 बारच्या आसपास आला की शिटी वाजते आणि वाजतच राहते. शिटी झाली की हातातलं काम सोडून बाहेर यायचं. आणि जोडीने गेलेले जोडीनेच बाहेर येतात, हा नियम आम्ही कधीही मोडत नाही.

ती शिटी अण्णांची होती. पोराच्या काट्यावर 150 बार शिल्लक होते. व्हॉल्वचं चाक त्याने अर्ध्यावर आणलं होतं, पण ते गंजलेलं होतं आणि पाना घसरत होता. अजून पाच-सात मिनिटांचं काम. ते तसंच टाकून तो अण्णांच्या मागोमाग बाहेर आला. त्याचं बरोबरच होतं. पण त्या घटकेला मला जे कळलं ते वीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. जोडीतल्या ज्याची हवा आधी संपते, तेवढीच हवा जोडीची असते. धडधाकट माणसाच्या पाठीवरची अर्धी हवा तशीच बाहेर येते आणि वाडीवर वायू वाहत राहतो.

सूट पाण्याने धुऊन उतरवेपर्यंत, नवे सिलिंडर चढवेपर्यंत 23 मिनिटं गेली. दुसऱ्या फेरीला अण्णांच्या जागी मी गेलो, व्हॉल्व पाहिलेला म्हणून सोबत तोच पोरगा. 3:52 ला आत, 4:04 ला बाहेर. गळती थांबली.

बाहेर आलो तर अण्णा जांभ्या चिऱ्याच्या गडग्याला टेकून बसलेले. सेट उतरवून अर्धा तास होऊन गेला होता, तरी गळ्याजवळची शीर उडताना लांबून दिसत होती. बोटं थरथरत होती.

"माका काय झाला नाय, साहेब. व्हॉल्व बसलो ना नीट?"

रुग्णालयात रक्तदाब निघाला 180 वर 110. शर्ट काढताना खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक पुडी पडली. आत रक्तदाबाच्या गोळ्या. तीन वर्षं ते घेत होते, अधूनमधून, कोणाला न सांगता. मी विचारलं, अण्णा, मला का नाही सांगितलंत?

"सांगलंय असता तर तुमी माका फोनार बसवलास असता."

खरंच बसवलं असतं. त्यांना विश्वास वाटेल असं मी आजवर काही केलंच नव्हतं. उलट त्याच्या आदल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने 'फिटनेस मोहीम' काढली होती. आवारात वजनकाटा मांडला, एकेकाला त्यावर उभं केलं, आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला. पुढच्या सोमवारी निम्मी माणसं रजेवर. मला वाटलं, माणसंच आळशी आहेत. आज त्या सकाळची मला मनापासून लाज वाटते. ज्या माणसाने पुरात दोरीला धरून बायापोरं काढली, त्याचं पोट चारचौघांत मोजून मी काय मिळवलं?

त्या रात्री केंद्रावर वही उघडली आणि भागाकार केला. अण्णा, 17 मिनिटांत 245 बार, म्हणजे मिनिटाला 14. पोरगा, मिनिटाला 9. मग माझी ओळ. 12 मिनिटांत 195 बार. मिनिटाला 16. तिघांत सर्वांत वाईट आकडा माझा होता, आणि मी अण्णांपेक्षा पाच वर्षांनी लहान.

आठवड्याभराने 14 एप्रिल आला. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामक गेले. देशभरातली केंद्रं त्या दिवशी त्यांना मानवंदना देतात. आमचं शांत उभं राहणं झालं आणि भाषणाऐवजी मी ती वही वाचली. आधी माझा आकडा. मग म्हटलं, अण्णांनी परवानगी दिली आहे म्हणून त्यांचाही सांगतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दलही सांगितलं. तिथे 1994 ते 2004 या काळात कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या अग्निशामकांपैकी 39 टक्के हृदयविकाराने गेले. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या कामाचा 1 ते 5 टक्के वेळ जातो, पण हृदयविकाराचे 32 टक्के मृत्यू त्याच वेळात झाले. रांगेत कोणी हललं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गडग्याला टेकलेले अण्णा होते.

वजनकाटा मी परत पाठवून दिला. त्याच्या जागी फळा लागला आणि त्यावर एकच मोजमाप, सिलिंडरचा काटा. आठवड्यातून एकदा, बीए सेट लावून दहा मिनिटांचा ठरलेला फेरा. पाणी भरलेला होज ओढायचा, ड्रिल टॉवरचे जिने तीनदा चढायचे, वाळूचा 50 किलोचा पुतळा खेचायचा. 63 मिलिमीटरच्या 15 मीटर होजमध्ये जवळपास 47 लिटर पाणी मावतं, म्हणजे एकेका लांबीला 47 किलो, हे पोरांना ओढल्यावरच पटतं. फेरा संपला की किती बार खर्च झाले ते फळ्यावर. कोणाची कोणाशी तुलना नाही, ज्याचा त्याचा मागचा आकडा शेजारी. पहिल्या दिवशी पहिला फेरा माझा, 175 बार. ते 175 मी पुसू दिलं नाही, महिनाभर तिथेच होतं.

व्यायाम ड्युटीच्या वेळेतच, सकाळी 6:30 ला, दमट ऊन चढायच्या आत. हे मिळवायला मला वर बरंच भांडावं लागलं. "पगार काय उड्या मारायचा देतो का?" असंही ऐकून घेतलं. तरी हट्ट धरला, कारण ड्युटी संपवून चोवीस तासांचा शिणलेला माणूस घरी जाऊन धावेल, ही अपेक्षाच खोटी आहे. जिम मागितली नाही. आमच्याकडे पुळण होती. ओल्या वाळूत बूट घालून अर्धा तास चाललं की पोटऱ्या बोलायला लागतात.

सर्वांत अवघड गेली ती तपासणी. डॉक्टरांशी मी ठरवून घेतलं, कागद माणसाकडे आणि डॉक्टरांकडेच राहील, मला फक्त 'चालेल' किंवा 'सध्या नको' एवढंच कळवायचं. 'सध्या नको' आलं तर पंप चालवायचा, वही धरायची, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की परत आपल्या जागेवर. हे मी लेखी दिलं, सही करून, नोटीस बोर्डावर. तरी पहिल्या महिन्यात दोघेच गेले. एक मी, दुसरे अण्णा. तिसऱ्या महिन्यात पोरं आपणहून तारीख विचारायला लागली, आणि आणखी दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला हे त्यांनीच येऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

खाण्याचं मी कोणाला काही सांगितलं नाही. ते आमच्या यंत्रचालकाने हातात घेतलं. त्याच्या आईने शिकवलेली उकड्या तांदळाची पेज सकाळच्या फेऱ्यानंतर तयार असायची, बाजूला कोकमाच्या सरबताचा मोठा जग, मिठाची चिमूट टाकलेला. वडापाव पूर्ण सुटला नाही. सुटायलाच हवा असं मला वाटतही नाही. पण कॉलवरून आल्यावर आधी जगाकडे हात जायला लागले.

अण्णांना फेऱ्याची परवानगी यायला तीन महिने लागले. तोवर ते पुळणीवर चालायचे आणि बाकीच्यांची वही धरायचे. पोरगा सिलिंडर बांधायला त्यांच्याकडेच यायचा, पट्टा अण्णांनीच आवळलेला त्याला लागतो. पहिला आकडा आला 160. दिवाळीनंतर 118. मी तेव्हा 131 वर होतो.

फळा आता अण्णा लिहितात. फेरा झाला की हात धुतात, पेजेच्या ताटलीशी बसतात आणि गोळ्यांची पट्टी खिशातून काढून टेबलावर, कोकमाच्या जगाशेजारी ठेवतात. कधी विसरले तर पोरगाच विचारतो,

"अण्णानू, गोळी?"